घराच्या नूतनीकरणासाठी ठेकेदार नेमताना: कामाच्या यादीपासून राखून ठेवलेल्या रकमेपर्यंत

चांगला ठेकेदार कुठे मिळेल, हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. खरं तर त्याचा नंबर तिसरा. आधी काय करायचं ते कागदावर उतरवायचं, मग त्यातल्या प्रत्येक बाबीचं माप काढायचं आणि त्यानंतर माणसं शोधायला निघायचं. हा क्रम उलटा झाला की दर कसला घेतोय हे ठेकेदारालाही नीट ठाऊक नसतं. मग काम अर्ध्यावर आल्यावर "हे आपल्या बोलण्यात नव्हतं" या वाक्याने भांडण सुरू होतं. नूतनीकरणातले बहुतेक वाद लबाडीतून उद्भवत नाहीत, अर्धवट बोलण्यातून उद्भवतात. लबाडीलाही शिरायला वाट मिळते ती त्याच फटीतून.

कामाची यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

"बाथरूम नवीन करायचंय" एवढंच सांगितलं, तर तीन ठेकेदार तीन वेगळी कामं डोक्यात धरून आकडा सांगतात. एक जण जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवणार असतो. दुसरा जुन्या टाइल्स खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यासकट विटेपर्यंत काढणार असतो. तिसरा भिंतीतले पाइपही बदलणार असतो. आकड्यांत दुपटीचा फरक दिसतो आणि आपण तिसऱ्याला महागडा ठरवून मोकळे होतो.

म्हणून यादी बाबनिहाय लिहा. एकट्या बाथरूमची यादी साधारण अशी होते:

- भिंतीच्या व जमिनीच्या टाइल्स आणि खालचा मसाला पूर्ण काढणे, राडारोडा इमारतीबाहेर नेऊन टाकणे
- गरम-थंड पाण्याचे पाइप नवे टाकणे (पाइपचा प्रकार, व्यास, नळांच्या जागा)
- सांडपाण्याचा पाइप व जमिनीतला ट्रॅप (पाणी साठवून दुर्गंधी अडवणारा वाकडा जोड) बदलणे
- भिंतीचा गिलावा ओळंब्यात (अगदी सरळ उभा) नव्याने करणे
- वॉटरप्रूफिंग: कोणतं, किती हात (थर), भिंतीवर किती उंचीपर्यंत
- टाइल्स बसवणे: मसाल्यावर की अॅडेसिव्हने, सांधा किती मिमी, ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) कोणता
- गीझर, एक्झॉस्ट व आरशाचे विजेचे पॉइंट
- कमोड, बेसिन, नळ बसवणे (वस्तू कोण आणणार)
- दार व चौकट

वॉटरप्रूफिंगची ओळ मोघम ठेवू नका. शॉवरच्या भिंतीवर ते ६ फुटांपर्यंत आणि बाकीच्या भिंतींवर निदान ६ इंच वर चढायला हवं. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा व पाइप बाहेर येतो ती जागा, गळती बहुतेक वेळा इथूनच होते. म्हणून या दोन ठिकाणी जाळीची पट्टी घालून जादा हात द्यायचा, हेही यादीत हवं.

सामानाच्या बाबतीत "चांगल्या प्रतीचं" हा शब्द कटाक्षाने टाळा. प्लायवुड असेल तर जाडी, पाण्याला टिकणारी प्रत आणि कंपनी लिहा. तारा असतील तर छेद लिहा: दिव्यांना १.५ चौरस मिमी, साध्या सॉकेटना २.५, एसी-गीझरसारख्या जड भाराला ४ किंवा इलेक्ट्रिशियन भार पाहून सांगेल तो. रंगात पुट्टीचे हात किती, प्राइमर कोणता, रंगाचे हात किती हे वेगवेगळं लिहा. "किंवा तत्सम" हे दोन शब्द कोटेशनमध्ये दिसले तर त्यापुढे "घरमालकाच्या लेखी संमतीने" एवढं जोडून घ्या. टाइल किंवा नळ अजून पसंत केले नसतील तर त्या बाबीसाठी एक ठरावीक रक्कम गृहीत धरायला सगळ्या ठेकेदारांना सांगा. प्रत्यक्ष खरेदीत फरक पडला तर तेवढाच वर-खाली करायचा.

भिंत पाडायची असेल तर ती भार पेलते की नुसती आडोशाची आहे, हे ठेकेदाराने टिचकी मारून ठरवायचं नसतं. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या. कॉलम आणि बीममध्ये पाइपसाठी झिरी (खोदून केलेली खाच) मारायची नाही. विटेच्या भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे जेमतेम पाऊण इंच, त्यामुळे पाइप शक्यतो वरून किंवा खालून उभेच आणावेत. फार जुन्या इमारतीत अॅस्बेस्टॉसचे पत्रे-पाइप किंवा शिशाचा रंग असू शकतो. शंका असेल तर तोडफोडीआधी तपासून घ्या, त्यांची धूळ घातक असते. इमारतीच्या व्यवस्थापनाची व स्थानिक संस्थेची परवानगी लागत असेल तर ती कोण काढणार, तेही यादीतच लिहा.

माप स्वतः काढा

हे वाटतं तेवढं किचकट नाही. १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंचीची खोली घ्या. परिघ ४४ फूट, भिंती ३९६ चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ५ ची खिडकी म्हणजे ४१ चौरस फूट वजा केले की ३५५ उरतात. छताचे १२० मिळवले की रंगाचं क्षेत्र ४७५. दार-खिडकी वजा केली नाही तर तेच ५१६ होतं. एका खोलीत सुमारे ९ टक्के फरक, तो सगळ्या घराला लावून बघा. वजावट करायची की नाही याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यात गैर काही नाही, पण कोणती पद्धत धरली ते दराशेजारी लिहिलेलं हवं.

५ बाय ८ फुटांच्या बाथरूमला ८ फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या तर परिघ २६ फूट, भिंती २०८. अडीच बाय सातचं दार वजा जाता सुमारे १९०, जमीन ४०, एकूण २३०. सरळ मांडणीत कापण्या-फुटण्यात जाणारी १० टक्के तूट धरा, म्हणजे साधारण २५३ चौरस फूट. तिरक्या मांडणीला १५ टक्के धरा. सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना, हे माल उतरवतानाच बघा. बसवल्यावर दिसलेल्या फरकावर इलाज नसतो.

राडारोड्याचा अंदाज हमखास चुकतो. १० फूट लांब, ९ फूट उंच, साडेचार इंची विटेची एक भिंत पाडली की पावणेदोन ते दोन टन माल निघतो, आणि तो मोकळा झाल्यावर मूळ भिंतीच्या जवळपास दीडपट जागा खातो. हा माल गोण्यांत भरून कोण खाली नेणार, कुठे टाकणार, लिफ्ट वापरता येणार की जिन्याने न्यायचा? याची नोंद नसेल तर काम सुरू झाल्यावर पहिलं जादा बिल हमखास याचंच येतं.

माणसं शोधणं आणि पारखणं

तीन ठेकेदारांकडून कोटेशन घ्या. पाच-सहांकडून घेतली तर तुलना करताना आपलाच गोंधळ होतो, आणि प्रत्येकाला साइट दाखवण्यात वेळ जातो तो वेगळाच. प्रत्येकाची दोन कामं पाहा: एक चालू असलेलं आणि एक पूर्ण होऊन वर्ष-दोन वर्षं झालेलं. नुकतंच संपलेलं काम चकचकीत दिसतंच, त्यावरून फारसं कळत नाही.

चालू साइटवर सिमेंटच्या गोण्या थेट जमिनीवर आहेत की फळ्यांवर, तारा पाइपातून ओढल्या आहेत की गिलाव्यात नुसत्याच दाबल्या आहेत, जी फरशी तशीच ठेवायची ती झाकली आहे का, आणि मुख्य म्हणजे मिस्त्रीला काय करायचं ते सांगणारा कोणी तिथे हजर आहे का, हे पाहा. जुन्या कामात बाथरूमच्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते पाणी जाण्याच्या जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते बघा. टाइल्सवर नाण्याने हलकेच ठोका. पोकळ आवाज म्हणजे खाली मसाला किंवा अॅडेसिव्ह नीट पसरलेलं नाही. कपाटाच्या दाराची आतली व खालची कड तपासा. समोरून सगळेच चांगलं करतात. विजेच्या बोर्डात प्रत्येक स्विचसमोर तो कशाचा आहे ते लिहिलेलं असेल तर माणूस शिस्तीचा आहे असं समजायला हरकत नाही.

जुन्या ग्राहकाला "काम कसं झालं?" असं विचारलं तर "चांगलं झालं" हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: पहिलं कोटेशन आणि शेवटचं बिल यांत किती फरक पडला, आणि कशामुळे? साइटवर रोज कोण असायचं? काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का?

ठेकेदारालाही थेट विचारायचे प्रश्न आहेत. सध्या किती साइट चालू आहेत? प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन स्वतःचे की बाहेरून बोलावलेले, आणि त्यांच्याकडे परवाना आहे का? कामगाराला साइटवर इजा झाली तर विमा आहे का? शेवटच्या प्रश्नावर "असं काही होत नाही" हे उत्तर आलं तर ते नकारातच धरा.

कोटेशनची तुलना

कामाची पद्धत आधी ठरवा. एकगठ्ठा रक्कम सोपी वाटते, पण यादी पक्की असेल तरच ती वापरावी. बाबनिहाय दर आणि प्रत्यक्ष मोजमापावर बिल ही पद्धत जुन्या घराला जास्त सोयीची, कारण तोडफोड झाल्यावर काय निघेल सांगता येत नाही. फक्त मजुरीवर काम दिलं तर सामान आणायची, मोजायची आणि वेळेवर पोचवायची जबाबदारी आपली. सिमेंट संपल्यामुळे मिस्त्री दिवसभर बसून राहिला तर त्याची मजुरीही आपल्याच खिशातून जाते. खर्च अधिक टक्केवारी या पद्धतीत खर्च कमी ठेवण्यात ठेकेदाराचा काहीच फायदा नसतो. पूर्ण विश्वासाचा माणूस आणि रोजचा हिशेब, दोन्ही असतील तरच तिच्या वाटेला जावं.

तिन्ही कोटेशन्स एका तक्त्यात आपल्या यादीच्या क्रमाने मांडा. कोणत्या ओळीत कोणाचा रकाना रिकामा राहतो ते लगेच दिसतं. एक आकडा बाकी दोघांपेक्षा फारच कमी असेल तर आनंद मानण्याआधी त्या रिकाम्या जागा भरून घ्या. भरल्यावर तो बहुतेकदा इतरांच्या रांगेत येऊन बसतो.

एक खाचखळगा सहज लक्षात येत नाही. काही जण तोडफोड, बांधकाम यांसारख्या सुरुवातीच्या बाबींचे दर चढे लावतात आणि रंग, फिटिंगसारख्या शेवटच्या बाबींचे फारच उतरते. बेरीज आकर्षक दिसते. पण अर्ध्या कामापर्यंत त्यांचा नफा हातात पडलेला असतो आणि उरलेलं काम तोट्याचं असतं. मग माणसं कमी येऊ लागतात, तारखा पुढे जातात. दर ओळीओळीने पाहिले तर ही चाल पकडता येते. असा कोणी आढळला तर दर बदलून घ्या किंवा हप्ते असे बांधा की शेवटच्या टप्प्यात पुरेसे पैसे शिल्लक राहतील.

अचानक निघणाऱ्या खर्चासाठी एकूण रकमेच्या १० ते १५ टक्के आपल्याकडे वेगळे ठेवा, जुन्या घराला २० टक्के. ही रक्कम ठेकेदाराला सांगायची नाही.

करारात काय हवं

चार पानं पुरतात. त्यात कामाची यादी आणि नकाशा जोडलेला, दर, सुरुवातीची आणि संपवण्याची तारीख, टप्पे, हप्ते, पाणी-वीज कोणाची, रोजची सफाई, कामाच्या वेळा, शेजाऱ्याच्या छताला किंवा लिफ्टला नुकसान झालं तर भरपाई कोणाची, उशीर झाला तर दर आठवड्याला किती कपात, दोष दुरुस्तीची मुदत, आणि करार मोडायचा झाला तर हिशेब कसा करायचा, हे सगळं यावं. शेवटचा मुद्दा लिहायला दोघांनाही संकोच वाटतो, आणि नेमका तोच नसल्यामुळे अर्धवट साइट महिनोन्‌महिने पडून राहते.

हप्त्यांचं सूत्र एकच: पैसे कामाच्या मागे चालले पाहिजेत. तारखेला हप्ता बांधू नका, पूर्ण झालेल्या आणि तपासलेल्या टप्प्याला बांधा. शंभरातले १० सुरुवातीला, १५ तोडफोड व बांधकाम झाल्यावर, २० पाइप-वायरिंगची चाचणी आणि गिलावा झाल्यावर, २० वॉटरप्रूफिंगची चाचणी व टाइल्सनंतर, २० सुतारकाम आणि पुट्टी झाल्यावर, १० रंग-फिटिंग होऊन घर ताब्यात घेताना, आणि ५ दोष दुरुस्तीची मुदत संपल्यावर. आकडे कामानुसार हलतील, पण निम्मी रक्कम आधी मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. मोठी खरेदी असेल तर दुकानदाराला थेट पैसे देणं दोघांच्याही सोयीचं, आणि बिल व वॉरंटी आपल्या नावावर राहते.

काम चालू असताना बदल होणारच. प्रत्येक बदलाचे तीन मुद्दे: काय बदललं, किती पैसे वाढले किंवा कमी झाले, किती दिवस वाढले. हे मेसेजवर लिहून समोरच्याचा होकार आल्याशिवाय हात लावायचा नाही. तोंडी सांगितलेला "एवढा एक पॉइंट इकडे घ्या" बिलात कितीचा झाला हे शेवटीच कळतं.

कुठे काम थांबवून तपासायचं

क्रम साधारण असा: तोडफोड, बांधकाम, पाइप आणि वायरिंगच्या झिऱ्या, चाचणी, गिलावा, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, टाइल्स, फॉल्स सीलिंग व सुतारकाम, पुट्टी-प्राइमर आणि रंगाचा पहिला हात, फिटिंग, शेवटचा हात. यात काही ठिकाणी "आम्ही पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही" असं करारातच लिहून ठेवा.

झिऱ्या बुजवण्याआधी पाण्याचे पाइप नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाखाली ठेवून गेजचा काटा उतरतो का ते बघायचं. चिकटवलेले जोड कंपनीने सांगितलेला वेळ सुकू द्यायचे, घाईत केलेली चाचणी चांगला जोडही सोडवते. याच वेळी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, चौकटीत मोजपट्टी दिसेल असे. पुढे आरसा लावायला भोक पाडताना हेच फोटो पाइप वाचवतात.

वॉटरप्रूफिंग सुकल्यावर जाळी बंद करून जमिनीवर १ ते २ इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहा. पातळीची खूण पेन्सिलीने भिंतीवर करा. थोडं पाणी वाफेने उडतं, त्यामुळे केसभर फरकाने घाबरायचं कारण नाही. ही चाचणी टाइल्सच्या आधी झाली पाहिजे. टाइल्स बसल्यावर गळती निघाली तर सगळं पुन्हा उखडावं लागतं, आणि नेमकं कोणामुळे गळतंय यावर प्लंबर आणि गवंडी एकमेकांकडे बोट दाखवतात.

बाथरूमचा उतार ८० ला १, म्हणजे दर ४ फुटांना साधारण १५ मिमी. हा उतार टाइलच्या खालच्या थरातच द्यायचा, टाइल बसवताना मसाला कमी-जास्त करून नव्हे. दोन फुटी किंवा त्याहून मोठ्या टाइल्सना जमिनीवर आणि टाइलच्या पाठीवर, दोन्हीकडे अॅडेसिव्ह लावायला सांगा. मधूनच एखादी नुकतीच बसवलेली टाइल उचलायला लावून पाठ पूर्ण भरली आहे का पाहा. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू द्या.

सिमेंटच्या गिलाव्याला निदान ७ दिवस पाणी मारलं पाहिजे. त्यानंतर तो सुकू द्यायचा, रंगाआधी सुमारे ४ आठवडे. घाई केली की आतला ओलावा रंग फुगवून बाहेर येतो आणि दोष रंगाच्या कंपनीवर जातो. वेळापत्रकात हे दिवस मोकळे धरले नसतील तर ते वेळापत्रक पाळलं जाणार नाही, किंवा पाळलं जाईल आणि भिंती खराब होतील.

आठवड्यातून एक दिवस ठरवून ठेकेदाराला साइटवर भेटा. मिस्त्रीला थेट सूचना देऊ नका. ठेकेदार एक सांगतो, मालक दुसरं सांगतो, आणि चूक झाल्यावर जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

काम रखडलं तर

दोन-तीन दिवस माणसं आली नाहीत तर फोन करा. आठवडा झाला तर लेखी विचारा, आणि त्यात कराराची तारीख व बाकी टप्पा नमूद करा. या काळात "थोडे पैसे सोडा, माणसं आणतो" ही मागणी आली तर झालेल्या कामाचं मोजमाप करा आणि मोजमापाएवढेच पैसे द्या. ठेकेदार बदलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, तर दोघांनी मिळून (तो येत नसेल तर तिऱ्हाईत इंजिनिअरकडून) झालेल्या कामाची मापं आणि फोटो नोंदवून घ्या. नवा ठेकेदार आधीच्याच्या पाइप आणि वॉटरप्रूफिंगची हमी देणार नाही, ते त्याच्या जागी योग्यच आहे. म्हणून त्या चाचण्या त्याच्या समोर पुन्हा करून घ्या.

ताबा घेताना

दिवसाउजेडी जा आणि संध्याकाळीही एकदा जा. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला की पुट्टीचे उंचवटे दिसतात. प्रत्येक सॉकेटमध्ये काहीतरी लावून पाहा. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. सगळे नळ एकाच वेळी पाच मिनिटं सोडा आणि बेसिनखाली कोरडा कागद ठेवून ओल दिसते का बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, दारं अर्धी उघडून सोडा. आपोआप सरकली तर बिजागरं किंवा चौकट ओळंब्यात नाही. सापडलेले दोष खोलीनिहाय लिहा, प्रत्येकापुढे तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या. ताब्याचा हप्ता या यादीतलं सगळं मिटल्यावर.

पाइप-वायरिंगचे बदललेले नकाशे, वॉरंटी कार्डं, रंगांचे शेड क्रमांक आणि प्रत्येक टाइलची एक न फोडलेली पेटी मागून घ्या. तेच डिझाइन दोन वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही.

राखून ठेवलेले ५ टक्के सोडण्याआधी सहा ते बारा महिने जाऊ द्या, शक्यतो एक ओला आणि एक कोरडा ऋतू. मग पुन्हा पाहा: बाथरूमलगतच्या बाहेरच्या भिंतीवर ओल, कपाटाच्या तळाशी फुगलेलं प्लायवुड, दारांच्या चौकटीशेजारी आणि पाइपच्या झिरीवर उमटलेल्या चिरा, जाळीभोवती सुटलेला ग्राउट. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक चिरा सुकण्यातून येतात, त्या रंगाआड जातात. पण झिरीच्या रेषेत लांबलचक चीर असेल तर ती जागा जाळी न लावता बुजवली आहे, तेवढा पट्टा उकरून पुन्हा करून घ्या आणि मगच रक्कम सोडा.